नावाड्याच्या तोंडचं वाक्य

मिलिंद,

तुझ्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, आम्ही सगळे पांढऱ्या चादरीवर बसलो होतो, तेव्हा तुझ्या सुजाताने मला हळूच विचारलं, "तू बोलशील ना दोन शब्द?" मी मान हलवली आणि मग बोललेच नाही. बुद्धवंदना झाली, तुझ्या प्रयोगशाळेतले लोक बोलले, नागपूरहून तुझा भाऊ व्हिडिओवर रडत रडत बोलला. माझी पाळी आली तेव्हा मी मेणबत्त्या सरळ करायचं निमित्त काढून उठले. लोकांना वाटलं, हिला भरून आलं. भरून आलं होतंच, पण न बोलण्याचं कारण ते नव्हतं. आपण आठ महिने एकमेकांशी बोललो नव्हतो आणि हे तिथे बसलेल्या कुणालाही माहीत नव्हतं. तुझी जवळची मैत्रीण म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं होतं, आणि मी तिथे चोरासारखी बसले होते.

मंगळवारी सकाळी कामावर निघालास आणि लिफ्टची वाट बघता बघता खाली बसलास तो पुन्हा उठलाच नाहीस, एवढंच मला कळलं. बाकीचं मी विचारलं नाही. बाकीचं विचारायचा हक्क मला उरला होता का, हेच मला ठाऊक नव्हतं.

तुला आपली पहिली भेट आठवते का? मला ती गेले तीन आठवडे सारखी आठवते आहे आणि दर वेळी मी थोडी जास्त ओशाळते. सिंगापूरच्या आपल्या मराठी मंडळाची सहल होती, पासिर रिसच्या समुद्रकाठी. परतताना आपण मेट्रोच्या, एमआरटीच्या, एकाच डब्यात शेजारी शेजारी बसलो. मी आपली, "मी जोशी, पुण्याची," असं सांगून मोकळी झाले. तू म्हणालास, "मी मिलिंद." मी पुढचं ऐकायला थांबले. पुढे काही आलंच नाही.

"आडनाव काय म्हणालात?"

"मिलिंद म्हणालो."

"नाही, ते झालं. आडनाव?"

तू माझ्याकडे बघून हसलास. छान, मोकळं हसलास. "मी क्वीन्सटाउनला उतरतो," म्हणालास. "तुम्हाला कुठं उतरायचंय?"

मला वाटलं, माणूस जरा विक्षिप्त दिसतोय. मी म्हटलं, मला मध्ये गाडी बदलून यिशुनला जायचंय. मग तू सहज विचारलंस की मी काय करते, मी म्हटलं, ॲनिमेशनच्या स्टुडिओत चित्रं काढते, आणि तू एकदम सरळ होऊन बसलास. पुढचा पाऊण तास तू मला एका नदीची गोष्ट सांगितलीस. जगाला वेढा घालून वाहणारी नदी, तिचे अठ्ठावीस काठ, आणि प्रत्येक काठावर दिवसाचा एकच प्रहर कायमचा थांबलेला. एका काठावर सदैव सकाळ, एकावर सदैव दिवेलागण. पलीकडे जायचं तर नावाड्याला आपली एक आठवण द्यायची. या नदीवर तू कादंबरी लिहीत होतास, मराठीत, चार खंडांची, शनिवार-रविवारी, धातूंवर संशोधन करून उरलेल्या वेळात. माझं गाडी बदलायचं स्टेशन मागे राहिलं आणि मी तुझ्याबरोबर क्वीन्सटाउनला उतरले.

आडनाव मी तुला पुन्हा कधी विचारलं नाही. पण मी ते शोधून काढलं होतं, मिलिंद. घरी पोहोचल्यावर मंडळाच्या यादीत बघितलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. नुसतं बघितलं, बास. पण नुसतं तरी कशाला बघितलं?

त्यानंतरचे रविवार माझ्या सिंगापूरमधल्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार होते. तुझ्या घरामागचं खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर, पंख्याखालचं कोपऱ्यातलं टेबल, तुझी बिनदुधाची कॉफी. तू कादंबरी मोठ्याने वाचायचास आणि मी तिच्या कॉमिकसाठी कागदावर चौकटी आखून त्यात काड्यांची माणसं काढत जायचे. शेजारच्या टेबलावरच्या चिनी आज्या आधी आपल्याकडे संशयाने बघायच्या. पुढे पुढे त्या तुझा आवाज चढला की पत्ते खाली ठेवून ऐकायच्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण युद्ध सुरू झालं एवढं नक्की कळायचं.

कादंबरीचं कॉमिक करायचं म्हणजे मुख्यतः कापायचं, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू चार पानं पहाटेचं वर्णन करायचास आणि मला एक चौकट पुरायची. तुझं पहिल्या खंडातलं युद्ध एकशे दहा पानांचं होतं. मी ते दोन पानांत आणलं. नदीकाठी ओळीने ठेवलेल्या चपला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चपला, घालायला कुणी नसलेल्या. तू ते चित्र बराच वेळ बघत राहिलास.

"एकशे दहा पानं लिहायला मले दोन वर्षं लागली होती बाई," म्हणालास.

"मग ठेवू?"

"नको ना. हेच बरोबर आहे. माझीच दोन वर्षं चुकली."

एवढ्या मोकळेपणाने स्वतःचं लिखाण कापू देणारा लेखक मी दुसरा बघितला नाही. तुझी एकच अट होती, आणि ती पुढे आपली रीतच होऊन बसली. कापलेला माणूस फेकायचा नाही, तो गर्दीत उभा करायचा. पंधराव्या काठावरची सुईण कापली? मग ती घाटावरच्या बायकांत दिसली पाहिजे. खोटी नाणी पाडणारे जुळे भाऊ कापले? मग ते बाजारात भाजी घेताना हवेत. पान पूर्ण झालं की तू चष्मा कपाळावर चढवून, नाक कागदाला लावून एकेकाला शोधायचास आणि सापडला की टेबलावर बोट आपटायचास. "हा बघ! इथं लपून राहिला काय!" चाळीसेक माणसं तरी आपण अशी गर्दीत पाठवली असतील. पहिल्या खंडाचं कॉमिक पूर्ण व्हायला तीन वर्षं लागली. छापलं तेव्हा थोड्याच प्रती काढल्या आणि त्याही निम्म्या तू वाटून टाकल्यास. तुझी मुलगी मित्रा तेव्हा दहा वर्षांची होती. तिला मराठी वाचता यायचं नाही, पण गर्दीतली माणसं शोधण्यात ती तुझ्यापेक्षा तरबेज निघाली.

इथपर्यंत मी तुझ्याशी सरळ वागले. इथपर्यंतच.

ते कॉमिक मी ऑफिसात नेलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी हल्ली म्हणते. पण तेव्हा तूच किती हरखला होतास! आमच्या प्रोड्यूसरने, ग्रेसने, ते चाळलं, आणि थांबलेल्या प्रहरांचे ते अठ्ठावीस काठ बघून ती खुर्चीतून उठलीच. आठ मिनिटांचा नमुना-भाग करायचा ठरला, इंग्रजीत. तो वितरकांना आवडला तर पुढे मालिका. दिग्दर्शन माझं. तू सुजाताला, मित्राला आणि मला जेवायला घेऊन गेलास आणि जेवताना तीनदा विचारलंस, "नदी खरंच हलेल ना बाई? म्हणजे पाणी? वाहताना दिसेल?"

पाणी वाहताना दिसणार होतं, पण घाटावरची गर्दी दिसणार नव्हती. ॲनिमेशनमध्ये गर्दी फार महाग पडते, एकेक माणूस हलवावा लागतो. मी तुला सांगितलं की आपला घाट ओसाड असेल, सुईण नाही, जुळे भाऊ नाहीत, कुणीच नाही. मला वाटलं होतं, तू भांडशील. तू खांदे उडवलेस. "पुढच्या भागात आणू त्यांना. थांबतील ती, सवय आहे त्यांना."

मग आवाजाचा दिवस आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चित्रांना वेळ लावण्यासाठी आम्ही आधी तात्पुरता आवाज भरतो, ऑफिसातलाच कुणीतरी माइकपुढे उभा राहून संवाद म्हणतो. त्या आवाजावरून पात्रांचे ओठ काढले जातात. नंतर खरे नट येतात, त्या ओठांवर आपला आवाज बसवतात आणि तात्पुरता आवाज पुसून टाकला जातो. नावाड्याच्या तात्पुरत्या आवाजासाठी मी तुला बोलावलं. काचेपलीकडे तू कानांवर हेडफोन चढवून उभा होतास आणि इतका घाबरला होतास की इंग्रजी वाक्य तुझ्या तोंडून जाहीर सूचनेसारखं निघत होतं. पाच वेळा झालं. सहाव्यांदा मी म्हटलं, "सोड ते. मराठीत म्हण. नुसता वेळ मोजायचाय मला."

तो प्रसंग तुझ्या पुस्तकाचा कणा होता. निरगुडी ही तुझी नायिका. निरगुडीच्या झुडपाखाली सापडलेली, म्हणून ते नाव. आईबाप कोण, कुणाला माहीत नाही. ती पहिल्यांदा नदीपाशी येते. आजवर प्रत्येक गावात, प्रत्येक वेशीवर तिला एकच प्रश्न विचारला गेलाय, कुणाची तू? म्हणून ती होडीत पाय ठेवायच्या आधीच नावाड्याला सांगायला लागते की मी कुणाची ते मला माहीत नाही. आणि म्हातारा नावाडी म्हणतो,

"ते इथं विचारत नसतात. उतरायचं कुठं ते सांग, बाई."

एकदाच म्हणालास. आधी एक लांब श्वास घेतलास, खालचा ओठ जरा दाताखाली धरलास आणि म्हणालास. शेवटचं 'बाई' पुस्तकात नव्हतं. ते तू काचेतून माझ्याकडे बघत जोडलंस, सवयीने. साउंडवाल्या पोराला मराठी येत नव्हतं, तरी त्याने अंगठा वर केला. मी तोच आवाज ओठांसाठी पाठवून दिला. ओठ काढणारा इंडोनेशियाचा. त्याला अर्थाशी देणंघेणं नसतं, तो आवाज ऐकून तोंडाचे आकार काढतो. त्याने तुझा श्वास काढला, तुझा दाताखालचा ओठ काढला, सगळं काढलं.

आणि त्या दिवशीही माझ्या लक्षात आलं नाही, मिलिंद, की हे वाक्य मी आधी ऐकलंय. एमआरटीत, माझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. हे मला तू गेल्यावर कळलं. तो प्रसंग तू त्या सहलीच्या आधी लिहिला होतास की नंतर, हे आता कुणाला विचारू?

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला जे माहीत आहे असं मी धरून चालले होते ते वेगळंच निघालं, म्हणून सांगते.

चित्रं जवळजवळ पूर्ण झाली होती, तेव्हा ग्रेसने बैठकीत विचारलं, "बट हू इज शी, आह? शी मस्ट बी समबडी, लाह. लॉस्ट प्रिन्सेस, समथिंग." वितरकांकडूनही तेच आलं होतं. मुलगी राजवंशातली निघाली की प्रेक्षक धरून राहतो म्हणे. ग्रेसने तिथल्या तिथे वाक्य सुचवलं. नावाडी मुलीकडे बघून म्हणतो, तू जन्मलीस तेव्हा तुझ्या आईला, राणीला, मीच या नदीपार नेलं होतं. एका वाक्यात नायिका राजकन्या! सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "होईल."

रविवारी मी तुला सांगितलं. आपल्याच टेबलावर.

"एक वाक्य बदलावं लागलं," मी म्हटलं. "नावाड्याचं."

तू कॉफी ढवळायचा थांबलास. मी नवं वाक्य सांगितलं. चमचा बाजूला ठेवलास. मग म्हणालास, "ती कुणाची नाही, हेच तर आहे ना पुस्तकात. बाकी काय आहे?"

"अरे, फक्त या भागापुरतं. त्यांना ती कोण आहे ते कळायला हवंय."

"कोण आहे ते सांगितलं की मी. झुडपाखाली सापडली. होडी वल्हवते. चांगली वल्हवते."

मग मी शिकवायला लागले. मला शिकवायला आवडतं, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, कादंबरीत चारशे पानं असतात, तिथे वाचक थांबतो. पडद्यावर आठ मिनिटांत त्याला ओळख द्यावी लागते. वंश, राजघराणं ही सगळी कथेतली सोय असते मिलिंद, तू ते एवढं मनाला का लावून घेतोस?

"तुझ्यासाठी सोय आहे बाई," तू म्हणालास. आवाज चढवला नाहीस. "तुले कुणी कधी विचारलंच नाही ना. आणि विचारलं तरी तुझं उत्तर तयार असते. न विचारता सांगतेस तू."

मला झोंबलं. खरं होतं म्हणून झोंबलं.

"चाळीस माणसं कापली, मी काही बोललो?" तू म्हणालास. "युद्ध कापलं. घोडे कापले. घाट रिकामा केला. एक वाक्य मागून राहिलो फक्त."

आणि मी म्हणाले, "वाक्यच तर आहे."

हे मी म्हणाले. आयुष्यात कुठलं एक वाक्य मागे घ्यायची सोय असती तर मी हे घेतलं असतं. तू उठलास. तुझा ट्रे उचललास, आणि भांडून निघालेला माणूस, तरी माझाही ट्रे उचलून नेऊन जागेवर ठेवलास. मग घराच्या दिशेने चालू लागलास आणि मागे वळून बघितलं नाहीस.

आता जे कधीच सांगितलं नाही ते सांगते. इथे राहून नोकरी करायचा माझा पास तेव्हा नूतनीकरणाला आला होता. हा भाग बारगळला असता तर आमचा पूर्ण गट मोडणार होता, आणि पन्नाशीला टेकलेल्या चित्रकारणीला या शहरात दुसरं कोण पास देणार? मी घाबरले होते, एवढंच होतं. तुला मी म्हणायला हवं होतं की मिलिंद, माझी फाटली आहे, मला मदत कर. तू दोन मिनिटांत म्हणाला असतास, "बरं ना बाई, घाल तुझी राणी." त्याऐवजी मी तुला कथाशास्त्र शिकवलं. भित्रेपणाला मी कलेचं नाव दिलं, आणि वर तुलाच विचारलं की तू मनाला का लावून घेतोस.

राजकन्या करूनही वितरक आले नाहीत. आठ मिनिटांचा तो भाग स्टुडिओने तसाच ऑनलाइन टाकून दिला आणि विषय संपला. माझा पास मात्र वाढून आला. मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. तूही अंगठा पाठवलास. मी त्या अंगठ्याकडे बघत ठरवत राहिले की या रविवारी जायचं. मग पुढच्या रविवारी. असे आठ महिने.

गेल्या रविवारी सुजाताचा फोन आला, ये म्हणून. मी आले. तुझी चप्पल अजून दाराबाहेर आहे. सुजाताने मला बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "तुझ्याकडे त्याचा आवाज असेल ना? तो नावाड्याचा? माझ्या फोनमध्ये मेसेज आहेत त्याचे, पण सगळे 'दूध आणू का' असेच आहेत. एखादं नीट बोललेलं असतं तर..."

मला तिच्याकडे बघवेना. आमच्याकडे खरे आवाज आले की तात्पुरते पुसायचे असतात, तशी पद्धतच आहे. तुझा मी स्वतः पुसला होता. यादीत नाव आलं, खूण केली, गेला. त्या दिवशी मी तुझ्यावर चिडलेली होते, त्यामुळे हात जराही अडखळला नाही. यातलं मी सुजाताला अर्धंच सांगितलं. पुसला गेला, म्हटलं. तिने माझा रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "असू दे. चहा टाकते."

तेवढ्यात मित्रा आतून आली. केवढी उंच झाली आहे! माझ्याकडे न बघता तिने रिमोट उचलला. "आंटी, यू वॉन्ट टू सी बाबा?" आणि आपला तो भाग लावला, आवाज पूर्ण बंद करून.

"आवाज का नाही लावत गं?"

"दॅट ॲक्टर अंकल साउंड्स सो फेक, लाह. म्यूट इट, देन इट्स बाबा."

ओसाड घाट आला. होडी आली. मुलगी पाण्याच्या कडेला उभी राहिली. नावाड्याने मान वर केली, एक लांब श्वास घेतला, खालचा ओठ जरा दाताखाली धरला, आणि बोलला. राणीबद्दल नाही बोलला. त्या ओठांवर राणी कधी नीट बसलीच नव्हती. आवाज काढून टाकल्यावर तिथे दुसरं काही नव्हतंच, फक्त तू होतास. ते इथं विचारत नसतात. उतरायचं कुठं ते सांग. आणि शेवटी ओठ एकदा मिटून उघडले.

"सी? ही सेज 'बाई'," मित्रा म्हणाली. "बाबा ऑल्वेज सेज 'बाई' टू यू."

सुजाता चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "त्यानंच शिकवलं तिला असं बघायला," ती म्हणाली. "पहिल्यांदा घरी लावलं ना, तर राणीचं वाक्य आलं तसा रागानं उठला आणि आवाज बंद केला. मग मागं नेऊन परत बघितलं. परत बघितलं. आणि एकटाच हसत सुटला. म्हणे, सुजाता, बाईनं ठेवलं बघ! वरून राणी घातली आणि आतून माझंच ठेवलं. कुणाले समजणार नाही, पण ठेवलं."

"मग मला फोन का नाही केला त्याने?"

"मी म्हटलं ना, कर. तर म्हणे, नको. चोरून ठेवलं असेल तिनं. फोनवर बोलता बोलता कुठं ऑफिसात समजलं तर तिच्या पासचं काय होईल? ती सांगेल तिच्या वेळेनं. तोवर आपण समजलो नाही असंच दाखवायचं." सुजाता माझ्या शेजारी बसली आणि तिने माझा हात धरला. "फार बरं वाटलं होतं त्याले. तुले एवढं तरी माहीत असावं म्हणून बोलावलं."

पासचं मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तरी तुला कळलं होतं. आठ महिने मी लाजेने गप्प होते आणि तू मला सांभाळत गप्प होतास.

मी मान हलवली, मिलिंद. सुजाताने धरलेला हात तसाच राहू दिला आणि मान हलवली, जणू होय, मीच ठेवलं होतं. चहा प्यायले. मित्राच्या डोक्यावरून हात फिरवला. घरी आले.

मी नव्हतं ठेवलं. ते राहून गेलं होतं. नवं वाक्य आलं तेव्हा ओठ काढून झाले होते, आणि ते पुन्हा काढायला कुणाला सवड नव्हती. मी मात्र मागे लागले होते. दुरुस्त्यांच्या यादीत मी तीन वेळा लिहिलं होतं, 'नावाड्याचे ओठ जुळत नाहीत, पुन्हा करा.' तीन वेळा, माझ्या हाताने, कारण माझ्या कामात असली ढिलाई दिसलेली मला खपत नाही. तिसऱ्यांदा ग्रेस म्हणाली, "क्लोज इनफ, लाह," आणि मी चरफडत गप्प बसले. माझं चाललं असतं तर तुझं ते वाक्य मी ओठांवरूनही पुसून काढलं असतं. ज्या गोष्टीसाठी तू मला माफ केलंस, ती गोष्ट होऊ नये म्हणून मी धडपडले होते.

हे तुझ्यापाशी कबूल करणं सोपं आहे. तू ऐकून घेशील, खांदे उडवशील. पण हा लेख मंडळाच्या अंकात छापायला देणार आहे मी, आणि सुजाता अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तिने माझा हात धरला तो ज्या कारणासाठी, ते कारण खोटं होतं, हे तिला त्यातून कळेल. तोंडावर सांगायचं धैर्य मला अजून होत नाही, म्हणून लिहून सांगते आहे. बघ, अजून तशीच आहे मी.

रोज ऑफिसातून आले की मी तो भाग लावते आणि आवाज बंद करते. होडी येते, तू श्वास घेतोस, ओठ दाताखाली धरतोस आणि विचारतोस. पहिल्या दिवशी गाडीत मी प्रश्न चुकीचा विचारला होता आणि तू बरोबर विचारला होतास. त्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. अंक हातात पडेल त्या रविवारी सकाळी मला क्वीन्सटाउनला उतरायचंय. दार उघडायचं की नाही, ते सुजाता ठरवेल.